फ्यूज होता, तरी वायर जळाली

गेल्या वर्षी कांद्याच्या हंगामात चार दिवस मोहोळला, घरी गेलो होतो. माझा चुलतभाऊ शेती सांभाळून एक पिकअप चालवतो. मोहोळ ते सोलापूर हे अंतर पस्तीसेक किलोमीटर. पहाटे कांद्याच्या गोण्या भरायच्या आणि सौदे सुरू होण्याआधी सोलापूरच्या मार्केट यार्डात पोचायचे, असा त्याचा क्रम. एका पहाटे मीही त्याच्या शेजारी बसून निघालो.

डॅशबोर्डवर काडेपेटीएवढा एक डिजिटल डिस्प्ले नव्यानेच चिकटवलेला होता. काळ्या चौकटीत लाल आकडे : १३.९. बॅटरीचा दाब दाखवणारे ते यंत्र त्याने आठवड्यापूर्वी बसवून घेतले होते. ‘‘दादा, मागल्या वर्षी अल्टरनेटर गेला आन् बॅटरी कधी बसली ते कळलंच नाही. आता आधीच कळतंय,’’ तो कौतुकाने म्हणाला. कल्पना चांगलीच होती.

महामार्गाला लागून दहा-बारा किलोमीटर गेलो असू, तेवढ्यात आकडे लपलपू लागले आणि पाठोपाठ प्लास्टिक जळल्याचा वास आला. भावाने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, बॉनेट उघडले. धूर येत होता. सुदैवाने दहा नंबरचा पाना हाताशी होता. त्याने बॅटरीची मायनसची टोपी सैल करून काढली तेव्हा धूर थांबला. टॉर्चच्या उजेडात पाहिले तर बॅटरीपासून डिस्प्लेकडे जाणारी लाल वायर पार उघडी पडली होती. तिचे आवरण वितळून ओघळले होते, शेजारच्या वायरांच्या जुडीवरची टेप करपली होती आणि तिथून वीतभर अंतरावर डिझेलची रबरी नळी होती.

नवलाची गोष्ट पुढेच आहे. डिस्प्ले शाबूत होता. दुसऱ्या दिवशी सुट्या बॅटरीला लावून पाहिला तर मुकाट्याने १२.६ दाखवू लागला. आणि फ्यूजही होता! बसवणाऱ्या कारागिराने डिस्प्लेच्या मागे, वायर जिथे डिस्प्लेला मिळते तिथे, काचेचा एक छोटा फ्यूज घातलेला होता. त्यातली तार जशीच्या तशी होती. वायर जळाली आणि फ्यूज उडाला नाही, हे कसे?

दहावीच्या वर्गात आपण फ्यूज शिकवतो. जुन्या पुस्तकांत त्याला ‘वितळतार’ असे नेमके नाव होते. मुले पाठ करतात की, फ्यूज उपकरणाचे रक्षण करतो. मोहोळच्या त्या पहाटेने मला जाणवले की हे वाक्यच अर्धवट आहे. फ्यूज मुख्यतः वायरचे रक्षण करतो. आणि तेसुद्धा फक्त आपल्या पुढच्या वायरचे. मागच्या वायरचे रक्षण त्याच्या हाती नाही.

आमच्या भागातल्या मुलांना हे कालव्यावरून चटकन समजते. उजनीच्या कालव्यातून चारीने पाणी शेतात येते. शेताच्या तोंडाशी दार बसवले आणि चारी मध्येच फुटली, तर शेताचे दार बंद करून काय उपयोग? पाणी फुटलेल्या जागेतून वाहतच राहणार. ते थांबवायचे तर चारी जिथून निघते तिथलेच गेट पाडले पाहिजे. आमच्या पिकअपमध्ये नेमके हेच झाले होते. लाल वायर बॅटरीच्या प्लसवरून थेट घेतलेली होती आणि बॉनेटच्या कडेने फिरवून पत्र्याच्या एका भोकातून केबिनमध्ये नेली होती. भोकाला रबरी बुश नव्हते. पत्र्याची धार आणि इंजिनाची थरथर यांनी आठ दिवसांत वायरचे आवरण कापले आणि आतले तांबे पत्र्याला टेकले.

आता गाडीचा पत्रा म्हणजे काय? बॅटरीचा मायनस जाड केबलने चेसीला जोडलेला असतो. दिव्याला, हॉर्नला, पंख्याला परतीची वेगळी वायर लांबवर न्यावी लागू नये म्हणून सगळा लोखंडी सांगाडाच परतीचा मार्ग म्हणून वापरतात. गॅरेजमध्ये याला ‘अर्थ’ म्हणतात. जमिनीशी त्याचा काही संबंध नाही. गाडी तर रबराच्या टायरवर उभी असते. तेव्हा प्लसची उघडी वायर पत्र्याला टेकणे म्हणजे बॅटरीची दोन टोके एका वायरने एकमेकांना जोडणे. प्रवाह डिस्प्लेपर्यंत पोचलाच नाही, मग त्याच्या दारातला फ्यूज उडणार तरी कशाने?

‘‘पण बारा व्होल्टच की ते! हात लावला तरी काही होत नाही,’’ भावाची शंका. शंका रास्त आहे आणि वर्गातही ती हमखास येते. हाताला झटका बसत नाही, कारण कोरड्या त्वचेचा रोध मोठा असतो आणि १२ व्होल्ट त्यातून फारसा प्रवाह ढकलू शकत नाहीत. तांब्याच्या तारेची गोष्ट वेगळी. चला, हिशेब करून पाहू.

वायर साधारण अर्ध्या चौरस मिलिमीटर छेदाची होती. बॅटरीपासून पत्र्याच्या भोकापर्यंत तिची लांबी २ मीटर धरू. तांब्याची रोधकता १.७ × १०⁻⁸ ओहम-मीटर. लांबीने गुणून छेदाच्या क्षेत्रफळाने भागले की वायरचा रोध येतो ०.०६८ ओहम. बॅटरीचा स्वतःचा अंतर्गत रोध चांगल्या स्थितीत ०.०१ ओहमच्या आसपास. म्हणजे एकूण रोध साधारण ०.०८ ओहम. आता ओहमचा नियम : १२ भागिले ०.०८, म्हणजे १५० अँपिअर!

ज्या डिस्प्लेसाठी ही वायर घातली, तो घेतो सुमारे २० मिलिअँपिअर. पण वायरमध्ये किती प्रवाह वाहील हे डिस्प्ले ठरवत नाही. वाटेत जो रोध भेटेल तो ठरवतो. सेल्फ मारताना शंभर-दोनशे अँपिअर सहज देणाऱ्या बॅटरीला इथे १५० अँपिअर जड नव्हते.

पुढे जाऊ. वायरमध्ये दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध : १५० × १५० × ०.०६८, सुमारे १,५०० वॉट. घरची इस्त्री साधारण १,००० वॉटची असते. म्हणजे दीड इस्त्रीची उष्णता त्या सुतळीएवढ्या वायरमध्ये! त्या वायरमधले तांबे किती? घनफळ १ घन सेंटिमीटर, वजन ९ ग्रॅम. तांब्याचा विशिष्ट उष्मा दर ग्रॅमला, दर अंशाला ०.३९ ज्यूल. तेव्हा ही तार १ अंशाने तापवायला साडेतीन ज्यूल पुरतात आणि आपण ओततो आहोत सेकंदाला १,५०० ज्यूल. भागाकार करा : तापमान सेकंदाला सुमारे ४३० अंशांच्या वेगाने चढेल. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस असते. ती ओलांडायला अर्धा सेकंदही नको. तार तापली की तिचा रोध वाढतो आणि प्रवाह थोडा कमी होतो, हे खरे. पण तोवर आवरण गेलेले असते. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सोडते. आमच्या घशाला जी चरचर झाली ती त्याचीच.

मग आम्हांला गाडी थांबवायला वेळ कसा मिळाला? तांबे पत्र्याला घट्ट टेकलेले नव्हते. थरथरीबरोबर ते टेकत होते, सुटत होते. आकडे लपलपत होते ते म्हणूनच. घट्ट टेकले असते तर पाना शोधायलाही फुरसत मिळाली नसती.

आता तोच हिशेब, पण बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर ३ अँपिअरचा फ्यूज बसवून करू. १५० अँपिअर म्हणजे त्याच्या क्षमतेच्या पन्नास पट. असा फ्यूज काही सहस्रांश सेकंदांत तुटतो. पाच सहस्रांश सेकंद धरले तरी वायरचे तापमान चढेल २ अंश. वायरला हात लावला तर गरम झाल्याचे कळणारही नाही. फ्यूज तोच, काच तीच, किंमत तीच. फरक फक्त जागेचा.

हे वर्गात करून दाखवता येते. टॉर्चचे तीन सेल एकसर जोडा, टॉर्चचा बल्ब लावा. रंगाच्या दुकानात पॉलिशकामासाठी लोखंडाची बारीक लोकर मिळते. तिचा एकच तंतू दोन टाचण्यांमध्ये ताणून एका फरशीच्या तुकड्यावर बसवा. हा आपला फ्यूज. आधी तो सेलला लागून ठेवा, बल्ब पेटवा आणि मग बल्बच्या दोन्ही टोकांवर वायरचा तुकडा आडवा टेकवा. तंतू लाल होऊन तुटेल. तंतू बदला. आता तो बल्बला लागून, पण शॉर्ट होण्याच्या जागेच्या पलीकडे बसवा आणि पुन्हा तसेच करा. बल्ब विझेल, तंतू मात्र शाबूत राहील आणि वायर कोमट लागेल. सेलही तापतील, म्हणून क्षणभरच टेकवा. हा प्रयोग गाडीच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीवर चुकूनही करू नका. का, ते वरच्या हिशेबात आलेच आहे.

फ्यूज किती अँपिअरचा घ्यावा? उपकरणाला लागणाऱ्या प्रवाहापेक्षा मोठा आणि वायरला सोसणाऱ्या प्रवाहापेक्षा लहान. आमच्या वायरला पाचेक अँपिअर आरामात सोसतात, डिस्प्लेला शतांश अँपिअर पुरतात. म्हणून १ ते ३ अँपिअरपर्यंत कोणताही चालेल. गाड्यांत हल्ली पात्यांचे रंगीत फ्यूज येतात. जांभळा ३ अँपिअरचा, लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. रंग सगळीकडे ठरलेले असतात. हिरवा फ्यूज उडत नाही म्हणून तो ‘मजबूत’, असा समज अनेकांचा असतो. उडत नाही म्हणजे बारीक वायर त्याच्या आधी जळते, एवढाच त्याचा अर्थ. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूज ‘दुरुस्त’ करणाऱ्यांबद्दल मी वेगळे काय सांगू?

हा प्रश्न गावाकडच्या पिकअपपुरता नाही. टाटा मोटर्सची नॅनो २००९ साली रस्त्यावर आली. मार्च २०१० मध्ये मुंबईत एक कोरी नॅनो शोरूममधून घरी नेतानाच पेटली. त्याआधी आणि नंतरही अशा काही घटना घडल्या. कंपनीने चौकशी करून त्याच वर्षी जाहीर केले की, गाडीच्या रचनेत दोष नाही. त्या विशिष्ट गाड्यांमध्ये बाहेरची विद्युत उपकरणे बसवलेली होती किंवा एक्झॉस्टवर परकी वस्तू राहिली होती. उत्पादकाने स्वतःच्या मालाची केलेली चौकशी म्हणून हे किती ग्राह्य धरायचे, यावर तेव्हा वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण २०१० च्या अखेरीस कंपनीनेच गाड्यांच्या विद्युत आणि एक्झॉस्ट यंत्रणेला जादा संरक्षण विनामूल्य बसवून देऊ केले. नंतर बसवलेले एखादे उपकरण अख्ख्या गाडीची सुरक्षितता धोक्यात आणू शकते, ही शक्यता निर्मात्यालाही मोजावी लागते, एवढे यातून दिसते.

आता पुन्हा मोहोळला येऊ. भाऊ डिस्प्ले काढून टाकायला तयार नव्हता आणि मलाही ते पटत नव्हते. आकडा उपयोगाचा आहे. बॅटरीत सहा घरे, प्रत्येकाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून उभ्या गाडीत १२.६ दिसले तर बॅटरी भरलेली. १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसावे, तेव्हाही १२ च दिसत असेल तर अल्टरनेटर भरत नाही, आणि १५ च्या वर दिसत असेल तर रेग्युलेटर बिघडून बॅटरी उकळते आहे. हे सगळे एका लहान डबीत कळते. म्हणून आम्ही त्याच कारागिराला बोलावले आणि तिघांनी मिळून काम नव्याने केले. माणूस हाताचा चांगला होता. त्याने फ्यूज घातला होता, हे विसरून चालणार नाही. कुठे घालायचा हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते.

पहिले काम मायनसची टोपी काढण्याचे. प्लस आधी काढायला गेलो आणि पान्याचे दुसरे टोक पत्र्याला लागले, तर पानाच वायर होतो. मायनस काढताना पाना पत्र्याला लागला तरी काही बिघडत नाही, कारण दोन्ही एकाच दाबावर असतात. जोडताना उलट : मायनस शेवटी. आणि इंजिन चालू असताना तर टोपीला हातही लावू नये. अल्टरनेटर जोरात भरत असताना बॅटरी एकदम सुटली, तर त्याच्या वेटोळ्यांतली चुंबकीय ऊर्जा क्षणात ओसरत नाही. दाब उसळी घेतो आणि १२ व्होल्टच्या गाडीतही तो काही दशांश सेकंद ८० ते १०० व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. असा एक तडाखा स्वस्तातल्या डिस्प्लेला पुरेसा आहे. इंजिन चालू ठेवून बॅटरी काढून ‘डायनामो तपासण्याची’ जुनी पद्धत म्हणूनच आता सोडून द्यावी.

दुसरे, वीज कुठून घ्यायची? बॅटरीवरून थेट घेतली तर डिस्प्ले चोवीस तास चालू राहतो. २० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ०.४८ अँपिअर-तास. गाडी महिनाभर उभी राहिली तर १४ अँपिअर-तास गेले. ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा जवळजवळ चौथा हिस्सा. म्हणून आम्ही चावी फिरवल्यावरच वीज मिळणाऱ्या, फ्यूजबॉक्समधल्या एका घरातून वायर घेतली. तिथे दुहेरी फ्यूजचा तयार जोड मिळतो : मूळ उपकरणाचा फ्यूज तसाच राहतो आणि नव्या वायरला तिचा स्वतःचा फ्यूज मिळतो, तोही उगमापाशी. बॉनेटमधून वायर न्यायची गरजच उरली नाही. मात्र ब्रेकचे दिवे, इंजिनाचे नियंत्रण किंवा एअरबॅग यांच्या घरांना हात लावायचा नाही. स्टिअरिंगजवळ पिवळ्या आवरणाची जुडी दिसली तर ती सहसा एअरबॅगची असते. तिच्यावर टेस्ट लॅम्पही लावू नये.

मायनसच्या बाबतीत एक गंमत झाली. कारागिराने ती हेडलाइटच्या अर्थाला जोडली. दिवसा १४.१ दिसत होते, रात्री दिवे लावले की १३.६! भावाला वाटले अल्टरनेटर पुन्हा दमला. मल्टिमीटर थेट बॅटरीवर लावला तर १४ च्या आसपासच. कारण सोपे आहे. ५५ वॉटचे दोन दिवे मिळून साधारण ९ अँपिअर घेतात. त्यांच्या सामाईक परतीच्या वायरीत आणि गंजलेल्या बोल्टमध्ये मिळून ०.०५ ओहम रोध असला, तर तिथेच ०.४५ व्होल्ट पडतात आणि डिस्प्लेचा ‘शून्य’ तेवढा वर उचलला जातो. आकडा खोटा नव्हता. तो वेगळ्याच दोन बिंदूंमधले विभवांतर सांगत होता. डिजिटल आकड्यावर आपला विश्वास लवकर बसतो, दशांशचिन्ह असले तर अधिकच. मायनस चेसीवरच्या वेगळ्या, खरवडून स्वच्छ केलेल्या बोल्टला दिल्यावर फरक नाहीसा झाला. आणि तो बोल्ट साफ केल्यावर हेडलाइटही उजळले, हा फुकटचा फायदा.

राहिली जागा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. आकडा पाहायला दोन सेकंद मान खाली घातली की ३३ मीटर रस्ता न पाहताच मागे पडतो. आमच्याकडे गाळपाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अंधारातून समोर येतात, तेव्हा ३३ मीटर फार झाले. म्हणून डिस्प्ले नजरेच्या रेषेजवळ हवा, पण काचेवर त्याचे प्रतिबिंब पडेल इतका वर नको, आणि रात्री मंद करता आला पाहिजे. डोळ्यांना अंधार सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात. लखलखीत आकडा तो सराव पुन्हापुन्हा मोडतो. डिस्प्ले प्रकाशणाऱ्या डायोडचा घेतलेला बरा. द्रवस्फटिकाचा पडदा मे महिन्यात, उन्हात उभ्या राहिलेल्या बंद केबिनमध्ये काळा पडू शकतो. ठरावीक तापमानापुढे त्यातल्या रेणूंची शिस्त मोडते आणि तो साधा द्रव बनतो. निवला की बहुधा पूर्ववत होतो. दुहेरी चिकटपट्टीही त्याच उन्हात सुटते आणि डिस्प्ले पायापाशी पडतो. पेडलखाली गेलेली डबी ही शॉर्ट सर्किटइतकीच वाईट. आम्ही तो स्क्रूने पक्का केला.

नव्या गाड्यांत वेग, तापमान वगैरे दाखवणारे डिस्प्ले स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये नुसते खोचता येतात. त्यांना वायर कापावी लागत नाही, हे बरे. पण त्या सॉकेटच्या सोळाव्या पिनेवर वीज कायम असते, चावी काढली तरी. गाडी चार दिवस उभी ठेवायची असेल तर डिस्प्ले उपसून ठेवावा.

काम झाल्यावर शेवटची तपासणी केली. चावी काढली, दारे लावली, बॅटरीची मायनसची केबल सोडवून टोपी आणि केबल यांच्यामध्ये मल्टिमीटर प्रवाहाच्या मोठ्या, १० अँपिअरच्या खुणेवर लावला. (हे करताना कोणी चावी फिरवून सेल्फ मारू नये, मीटर जागीच जाईल.) आकडा आला ०.०१. कारागिराने माझ्याकडे पाहिले. डिस्प्ले तर बंद होता. मग त्याने एकेक करून फ्यूज उपसायला सुरुवात केली आणि चौथ्याला आकडा शून्यावर आला. तो फ्यूज टेपच्या घड्याळाचा होता.